कॅमेरा ठरला

सोलापुरात भवानी पेठेत माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे म्हटलं की लोक आधी हसतात. आता कॅमेरा कोण घेतं, असं विचारतात, आणि विचारताना हातातला मोबाइल माझ्याच तोंडासमोर नाचवतात. मी वाद घालत नाही. घेणारे घेतात. लग्नाच्या ऑर्डरी धरणारे घेतात, हौशी बिल्डर घेतात, आणि वर्षातून दोन-चार जण असे येतात की ज्यांना कसली ऑर्डर नसते, धंदा नसतो, नुसते रोज फोटो काढायचे असतात. हे शेवटचं गिऱ्हाईक सगळ्यांत वाईट. त्यांचं काही ठरतच नाही.

छोटा घेऊ की मोठा, या एका प्रश्नावर ते माझं डोकं खातात. छोटा म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारा, भिंग अंगालाच जोडलेलं, ते बदलता येत नाही. मोठा म्हणजे हल्लीचा मिररलेस. त्याच्या आत जुन्या कॅमेऱ्यासारखा आरसा नसतो, म्हणून तो पूर्वीच्यापेक्षा हलका. पण लेन्स चढवली की चांगला जड ऐवज होतो. हातात भरतो, डोळा लावून बघायला खिडकी असते, संध्याकाळच्या उजेडातही फोटो स्वच्छ येतो. मी दोन्ही समोर ठेवतो आणि खरं ते सांगतो. रोज बरोबर न्यायचा असेल तर छोटा घ्या. मोठा घरी नेला की पहिला महिना गळ्यात, दुसरा महिना पिशवीत आणि मग कपाटात जातो. त्यानंतर त्याला वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हळदकुंकू लागतं. एवढं ऐकूनही लोक मोठाच घेतात. घेऊ देत, माझं काय जातंय.

सिद्धनाथराव पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, पत्ता विचारायला आलेत. उंच, काटकुळा माणूस, डोक्याला पांढरी टोपी, भुवयांवर कापसाची बारीक लव. आमच्या भागात ही लव बघितली की माणूस टॉवेलच्या कारखान्यातला आहे हे विचारावं लागत नाही. ते काउंटरपाशी येऊन उभे राहिले. काउंटरवर लेन्स पुसायचं फडकं पडलं होतं. ते त्यांनी उचललं, टोकाला टोक जुळवून घडी घातली, परत घडी घातली आणि काठाला नीट लावून ठेवलं. मग म्हणाले, "बिरुदेव हितं येत व्हता न्हवं?"

येत होता, हे मला माहीत होतं. तो आता येणार नाही, हेही माहीत होतं.

बिरुदेव त्यांचा एकुलता एक मुलगा. घराणं सांगोल्याकडचं, मेंढरं पाळणारं. मेंढरं भावाकडे ठेवून सिद्धनाथराव तरुणपणीच सोलापुरात आले, आणि तेव्हापासून त्यांचं काम एकच, टॉवेलच्या घड्या घालून गठ्ठे बांधायचे. बायको गोजाबाई त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. पोरगं शिकलं आणि एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात लागलं. टॉवेलांचे, चादरींचे फोटो काढून परगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायचे, हे त्याचं काम. त्यातून त्याला फोटोचा नाद लागला. माल सोडून तो रस्त्यावरची माणसं टिपायला लागला, चहाच्या गाडीवरची वाफ टिपायला लागला, आणि एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाला की मोबाइलवर आता भागत नाही.

त्यानंतर त्याने मला जेरीला आणलं. ऑफिस सुटलं की यायचा. छोटा खिशात घालून दुकानात फेऱ्या मारायचा, मोठा डोळ्याला लावून रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचा. कधी छोट्याच्या बाजूने बोलायचा, कधी मोठ्याच्या. मी त्याला म्हणायचो, अरे बिरू, लग्नाची मुलगी पसंत करायला एवढा वेळ लावू नकोस, नाहीतर तशीच जाईल. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

मग यायचा थांबला. केम गावी मित्राच्या बहिणीचा साखरपुडा होता. मोटरसायकलवर निघाला आणि मोडनिंबच्या अलीकडे हायवेवर अपघातात गेला. मला ही बातमी चहावाल्याने दिली. मी ऐकली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बॅटरी दाखवत राहिलो. तेव्हा काही वाटलंच नाही, हे सांगून टाकतो. वाटायला नंतर वेळ लागला.

त्या सकाळी निघताना बिरुदेव आईला म्हणाला होता, "आई, कॅमेरा ठरला. रविवारी आणतो." कुठला ठरला ते बोलला नाही. तिनेही विचारलं नाही. तिला काय, छोटा आणि मोठा दोन्ही सारखेच. मोबाइलचा अपघातात चुरा झाला, त्यामुळे त्यातही बघायची सोय राहिली नाही.

सिद्धनाथरावांनी हे मला सांगितलं ते कारखान्यात किती गठ्ठे बांधले ते सांगावं अशा आवाजात. मग म्हणाले, "पैसं त्यानंच साटवल्यालं हायती. त्याचा जो ठरला व्हता, त्योच पायजे. दुसरा नगं."

कुठला ठरला होता, हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, बरं. आणि पुढच्या सुट्टीला परत आले.

असे ते कित्येक महिने येत राहिले. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस, ऊन जरा कललं की यायचे. मी दोन्ही कॅमेरे काढून ठेवायचो. ते एकाला हात लावायचे, मग दुसऱ्याला. मी सांगेन ते ऐकायचे, व्हय म्हणायचे. एकदा मी मोठा त्यांच्या डोळ्याला लावून दिला. बराच वेळ बघून म्हणाले, लांबचं जवळ दिसतंय, आणि खाली ठेवला. चहा आला की प्यायचे. एकदा चहावाला साखर घालायला विसरला होता. मी पहिल्याच घोटाला शिव्या घातल्या, आणि सिद्धनाथरावांनी मात्र तो कप शेवटपर्यंत प्यायला. त्यांना कळलंच नव्हतं. जाताना फडक्याची घडी घालून जायचे. हात आपोआप चालायचे, बाकीचा माणूस तिथे नसायचा.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. हा माणूस रडत का नाही, असं वाटायचं. रडला असता तर मी पाठीवर हात ठेवला असता, दोन शब्द बोललो असतो, मोकळा झालो असतो. पण त्या चेहऱ्यावर हात ठेवायला जागाच नव्हती. ते यायचे ते दिवस मला नकोसे व्हायला लागले, आणि एखाद्या सुट्टीला उशीर झाला की मीच दारात येऊन बघायचो.

त्यांनी चौकशी करायची बाकी ठेवली नव्हती. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, मोठाच घेणार होता. गावाकडचा चुलत भाऊ म्हणाला, छोट्याचं बोलत होता. दोघंही खरंच सांगत असणार, कारण बिरू दोघांशी दोन दिवशी दोन तऱ्हेने बोलला असणार. एकदा सिद्धनाथरावांनी विचारलं, त्याने इथे फोटो काढून बघितले असतील, ते कॅमेऱ्यात असतील का. नव्हते. दाखवायच्या कॅमेऱ्यातलं कार्ड मी आठवड्याला पुसतो, नाहीतर गिऱ्हाइकांच्या तोंडांनी भरून जातं. हे सांगताना मला फार अवघड झालं. ते म्हणाले, बरं.

मोठ्यावर बोट ठेवून हाच म्हणाला होता असं सांगावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्यात माझा फायदा होता आणि त्यांची येरझार संपली असती. मी काही संत नाही, दुकानदार आहे. पण जीभ उचलली नाही. पुढे कधी खोटं निघालं असतं तर त्या माणसाला धरायला तेवढंही उरलं नसतं.

पावसाळ्याच्या सुमाराला एकदा त्यांनी दुसराच विषय काढला. घरात बिरूचा जो फोटो लावलाय तो ऑफिसच्या ओळखपत्रावरनं मोठा केलेला आहे, तो चांगला करता येईल का. पिशवीतून काढून दाखवला. कॉलर वाकडी, कपाळाला आठी, पाठीमागे निळा पडदा. मी म्हटलं, याहून बरा एखादा द्या की, घरात एवढे फोटो काढत होता. ते म्हणाले, काढत होता, म्हणूनच त्याचा नाही. आईचा आणि माझा तो काढायचा. कधी आईचा आणि त्याचा मी काढला, तर हात हललेला.

मी विचारलं, तिघांचा एकत्र एकही नाही?

सिद्धनाथरावांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तिघांचा कसा काढायचा.

हे मला सांगायची गरज नव्हती. आमचा धंदा वडिलांपासूनचा. तेव्हा इथेच स्टुडिओ होता. एका फोटोत तिघं आले की मधला जातो, ही समजूत तेव्हा घरोघर होती. आई-बाप आणि एक मूल, असं कुटुंब आलं की ती माणसं दारातच अडायची. वडील मग शेजारच्या पानवाल्याला हाक मारायचे. तो हात पुसत यायचा आणि चौथा म्हणून उभा राहायचा. या भागातल्या कित्येक जुन्या अल्बमांत तो पानवाला अजून उभा आहे, आणि हा कुठला मामा म्हणून नव्या सुना विचारत असतील. सिद्धनाथरावांच्या गावाकडे पानवाला नव्हता, तिथे मेंढरं होती. बिरू तान्हा असताना यात्रेत त्यांनी एक फोटो काढून घेतला होता. तिघं नकोत म्हणून सिद्धनाथरावांच्या हातात कोकरू दिलं, म्हणजे चौघं झाले. त्या फोटोत कोकराचं तोंड स्वच्छ आलंय. बिरू आईच्या खांद्यात तोंड घालून झोपलाय. सोलापुरात आल्यावर कोकरू नव्हतं, म्हणून तिघांचा फोटो कधी झाला नाही. पोरगं मोठं झाल्यावर मागे लागायचं, पण सिद्धनाथराव बधले नाहीत. पोराला काही होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ते हे सगळं बोलले आणि फडक्याची घडी घालून गेले. दुकान बंद करेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या सुट्टीला त्यांच्याबरोबर गोजाबाई आल्या. बारीक चणीच्या, कपाळाला बुक्का, हातात कापडी पिशवी. नवऱ्याच्या एवढ्या फेऱ्या झाल्या, आता एकदा आपणच बघावं म्हणून आल्या असाव्यात. मी दोन्ही कॅमेरे काढले आणि पाठ झालेलं सगळं सांगायला लागलो. त्यांनी माझं बोलणं मध्येच थांबवलं आणि विचारलं, "अण्णा, फोटू काडनारा मानूस मागं लागतोच का? आपला आपन निघत न्हाय का?"

मी म्हटलं, निघतो की. दोन्हीत सोय आहे. बटण दाबायचं, पुढे जाऊन उभं राहायचं, थोड्या वेळाने तो स्वतःच काढतो. करून दाखवावं म्हणून मी मोठा कॅमेरा काउंटरच्या कडेला ठेवला, तर लेन्सच्या वजनाने तो नाकावर आला. मी झटकन धरला. आणि तो धरताना मला बिरू आठवला.

त्याने हेच केलं होतं. माझ्या याच काउंटरची कड त्याने वितीने मोजली होती. म्हणाला होता, आमच्या घरातल्या खिडकीची कड एवढीच आहे. मग दोन्ही कॅमेरे पाळीपाळीने त्यावर ठेवून बघितले. मोठा पुढे कलंडला. मी ओरडलो, ठेवायचाच असेल तर स्टँड घे, माझ्या मालाशी खेळू नकोस. तो म्हणाला, स्टँड कुठं लावू अण्णा, खोलीत तिघं झोपलो की जागा संपते. मग छोटा ठेवला. तो बसला. बिरू समोर जाऊन उभा राहिला, परत आला, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा बघितला आणि हसला. इतके महिने मी त्याचं बोलणं आठवत होतो, तो काय म्हणाला, कुठल्याला चांगलं म्हणाला. त्याने काय केलं, हे आठवायचं मला सुचलंच नव्हतं.

मी हे जसं आठवलं तसं दोघांना सांगितलं. सिद्धनाथराव ऐकत होते. गोजाबाई छोट्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याला आपल्या तिघांचा काडायचा व्हता. मला म्हनला व्हता. आबाला सांगू नगं, ठिवतो आन् गपकन काडतो, म्हनला."

सिद्धनाथरावांच्या हातात फडकं होतं, त्याची घडी मोडली, परत घातली. मग म्हणाले, "ह्यो छोटा बांदा."

मी पेटीत घालून दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला नाही, हातातच धरून नेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कसं लावायचं ते दाखवायला म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. एरवी मी कुणाच्या घरी जात नाही. एक खोली, एक खिडकी. खिडकीची कड बिरूने मोजली होती तेवढीच, एक वीत. छोटा कॅमेरा तिथे बरोबर बसला. गोजाबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. सिद्धनाथरावांनी भिंतीवरची फ्रेम आधीच काढून टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. त्यांनी ती सोडवली, टॉवेलाची नेहमीसारखी घडी घातली आणि तो बाजूला ठेवला. मग दोघं पलंगावर बसले. मी म्हटलं, मीच काढतो की, आता आलोच आहे. गोजाबाई नको म्हणाल्या. त्याला जसा काढायचा होता तसाच काढायचा.

फ्रेम सिद्धनाथरावांच्या हातात होती. ती मध्ये ठेवायला त्यांनी हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. गुडघ्यावरही ठेवेनात, मागेही घेईनात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीसारखंच. नुसता हात अडला होता. जन्मभर ज्या एका गोष्टीला ते भ्यायले, ती जागा समोर होती.

गोजाबाईंनी फ्रेमचं दुसरं टोक धरलं. "मधला जातो म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "त्यो गेलाच हाय की आता. ठिवा."

त्यांनी ठेवली.

मी आपोआप काढायचं बटण दाबलं आणि बाजूला झालो. कॅमेऱ्याचा बारीक दिवा लुकलुकायला लागला. मागच्या पडद्यावर मला ते दिसत होते. हल्लीच्या कॅमेऱ्यांना माणसाचा चेहरा ओळखता येतो, ओळखला की त्याभोवती ते एक चौकोन आखतात. गोजाबाईंभोवती चौकोन आला. सिद्धनाथरावांभोवती आला. मधल्या काचेवर खिडकीचा उजेड पडला होता, तिथे नुसती पांढरी चमक होती. मी म्हटलं, काच जरा खाली झुकवा. सिद्धनाथरावांनी झुकवली. चमक सरकली, वाकडी कॉलर दिसली, कपाळाची आठी दिसली, आणि कॅमेऱ्याने तिथे तिसरा चौकोन आखला. बाकीच्या दोघांसारखाच.

मग फोटो निघाला.

"आला का?" सिद्धनाथरावांनी विचारलं.

"आला."

"तिघं?"

मी म्हटलं, तिघं. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि गोजाबाईंकडे दिला. मग फ्रेम गुंडाळायला बाजूचा टॉवेल उचलला, उलगडला, आणि गुंडाळायचं सोडून त्याच्या घड्या घालायला बसले. टोकाला टोक लागेना. परत उलगडला, परत घातली, तरी एक कड बाहेर राहिली. इतक्या दिवसांत त्यांची घडी चुकलेली मी पहिल्यांदा बघत होतो. ती त्यांनी तशीच वाकडी मांडीवर ठेवली आणि त्यावर तोंड टेकवलं.